उंदराचं काळीज मोजताना

(दृश्य: पावसाने ओथंबलेली खिडकी, आत पिवळा दिवा)

जुलैतलं बेळगाव. चार दिवस पाऊस उघडलेला नाही. रस्त्यावर माणसं कानटोपी घालून चाललीत आणि इथे प्रयोगशाळेत अल्ट्रासाउंडने हृदय तपासायच्या आधी एका उंदराला ऊब दिली जातेय.

आयसोफ्लुरेनची भूल दिलीय. छातीवरचे केस क्रीम लावून काढलेत. पाठीखाली तापवलेला पाटा, जेलसुद्धा कोमट केलेलं. हे लाड नव्हेत. अंग गार पडलं की ठोके मंदावतात, मग पडद्यावरचे आकडे फसवे निघतात.

अर्जुनाची साल काळजाला बळ देते, हे आपल्याकडे घरोघर ऐकलेलं. देते का, ते इथे तपासायचंय. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध हृदयाला इजा करू शकतं. ते दिलेल्या काही उंदरांना सालीचा अर्कही मिळतोय.

(दृश्य: छातीवर टेकलेला प्रोब, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या लहरी सोडणारा दांडा, मग पडदा)

आपलं हृदय मिनिटाला ७०-८० वेळा धडधडतं, याचं ३०० च्या वर. माणसाला साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब पुरतो. एवढ्याशा हृदयाला १५ किंवा त्याहून जास्तीचा लागतो.

आता ही आडवी सरकणारी पट्टी बघा. याला एम-मोड म्हणतात. वरची लाट आणि खालची लाट म्हणजे डाव्या जवनिकेच्या, हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या, दोन भिंती. त्या लांब जातात, जवळ येतात. समजा, फुललेली असताना आतलं अंतर ७ मिलिमीटर आणि आकुंचन पावल्यावर ४. म्हणजे आकुंचन ४३ टक्क्यांच्या आसपास. प्रोब जरा तिरका झाला की हेच अंतर बदलतं. म्हणून एका ठोक्यावर विसंबायचं नाही, तीन-चार ठोक्यांची सरासरी काढायची.

"मॅडम, ठोके उतरायला लागलेत." खानापूरहून रोज बसने येणारी मुलगी म्हणते.

"भूल कमी कर गं थोडी. थांब, वर येऊ देत."

दोघी थांबतात. मला या कामातली ही दोन मिनिटं सगळ्यात मोलाची वाटतात. भूल जड झाली तर चांगलं हृदयही दुबळं दिसतं, आणि दोष मात्र औषधाच्या माथी बसतो.

हृदयाचा स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तर प्राण्याचा जीव घ्यावा लागतो. अल्ट्रासाउंडमुळे तोच उंदीर आठवड्यामागून आठवडे तपासता येतो. उंदीरही कमी लागतात.

(दृश्य: पिंजरा)

तो जागा झालाय, पुढच्या पायांनी तोंड पुसतोय. पिंजऱ्याच्या कार्डावर नुसता क्रमांक आहे. याला साल मिळते की नाही, हे मोजणाऱ्या दोघींना ठाऊक नाही. मुलगी कार्डावर पुढच्या सोमवारची तारीख लिहिते.