तोंड वाकडं झालं तर आधी हात बघा, मग कपाळ

नमस्कार श्रोतेहो. सकाळी उठून गुळणी भरली आणि पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून गळून गेलं. आरशात पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, दुसऱ्या बाजूचा डोळा मिटतच नाही. असा माणूस ग्रामीण रुग्णालयात आला की सोबतचे लोक सांगतात, "सायेब, रातच्यानं गाडीवर आला, वारं लागलं. लकवा मारला." तोवर बहुतेक वेळा दोन-तीन दिवस गेलेले असतात. कुणी गंडा बांधून आणलेला असतो, कुणी कबुतराचं रक्त चोळलेलं असतं. मला त्यांचा राग येत नाही. घरच्या माणसाचं तोंड वाकडं दिसलं की जीव घाबरतो, आणि जो जवळ असेल त्याच्याकडे आपण धावतो. पण त्या दोन-तीन दिवसांत हातचं बरंच निघून जातं, म्हणून आज हा विषय घेतला.

तोंड वाकडं होण्याला कारणं अनेक आहेत. त्यातलं सगळ्यात घाईचं म्हणजे मेंदूचा झटका, आपण ज्याला अर्धांगवायू म्हणतो. म्हणून पहिल्यांदा माणसाला दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात खाली घसरतो का? "तुमचं नाव सांगा, गावाचं नाव सांगा" म्हणा. बोलणं जड, बोबडं येतं का? चालताना झोक जातो का? यातलं एकही असेल तर पुढचं काही तपासत बसू नका, १०८ला फोन लावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. मेळघाटातून किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातून निघायचं तर साडेचार तास किती लवकर सरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर तेच पहिलं विचारतील. तोंडाने पाणी पाजू नका, गोळी देऊ नका.

हात, पाय, बोलणं सगळं ठीक असेल तर कपाळ बघा. "भुवया वर करा" म्हणा. कपाळाच्या त्या अर्ध्या भागावर आठ्या पडतच नसतील आणि डोळाही मिटत नसेल, तर बहुधा बिघाड मेंदूत नसून चेहऱ्याच्या नसेत आहे. कपाळाच्या प्रत्येक बाजूला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम येतो. मेंदूचा एक अर्धा भाग दुखावला तरी दुसऱ्याच्या जोरावर कपाळ हलत राहतं, फक्त खालचा गाल आणि ओठ लोंबतात. नसच दबली तर मात्र अर्धा चेहरा पुरा थांबतो. ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. तिथे ती सुजली की दबते. स्कॉटलंडच्या चार्ल्स बेल यांनी १८२१ साली या नसेचं काम सांगितलं, म्हणून या दुखण्याला बेल्स पाल्सी म्हणतात. यातली बहुतेक माणसं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरी होतात. पण स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांत, सुरू झाल्या तर नस पूर्ण बरी होण्याची शक्यता वाढते. मेडिकलमधून स्वतःहून घेऊ नका, त्यांनी साखर वाढते, आणि मधुमेह असलेल्यांनाच हा आजार जास्त होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही होतो.

कपाळाची परीक्षा शंभर टक्के खरी ठरत नाही, म्हणून डॉक्टरला दाखवायचं ते त्याच दिवशी. दाखवताना कानाचं सांगायला विसरू नका. कान ठणकतो, आत किंवा पाळीवर पाण्याचे फोड आलेत, तर ती कानातली नागीण, तिला वेगळ्या गोळ्या लागतात. जुना फुटका कान वाहत असेल तर कानाच्या डॉक्टरलाच गाठावं लागतं. आणि तोंड एका रात्रीत वाकडं न होता आठवड्या-आठवड्यांनी वाढत गेलं असेल, तर आत गाठ आहे का हे बघावं लागतं.

आपल्या भागापुरती आणखी दोन कारणं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुष्ठरोग अजून आहे. बाबा आमटेंचं आनंदवन वरोऱ्याला उभं राहिलं तेही याच भागात. गालावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आणि डोळा अर्धवट उघडा, असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध फुकट मिळतं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. दुसरं मण्यारचं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. सकाळी पोट दुखतं, दोन्ही पापण्या एकदम जड होतात, गिळता येत नाही. हे एका बाजूचं दुखणं नाही, हे विष आहे. इथे श्वास बंद पडायच्या आत दवाखाना गाठावा लागतो.

शेवटी डोळ्याविषयी. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळावर जखम होते, आणि कापूस वेचताना, तुरीच्या खळ्यावर उडणारा कचरा त्यात जातो. तोंड सरळ होतं, पण डोळ्यावर पडलेलं फूल राहून जातं. दिवसा डॉक्टरांनी दिलेले अश्रूंसारखे थेंब दर तासा-दोन तासांनी टाका आणि वावरात चष्मा लावा. रात्री मलम घालून, पापणी बोटाने पूर्ण मिटवून वरून चिकटपट्टी लावा. पट्टीखाली डोळा उघडा राहिला तर पट्टीच बुबुळाला घासते, म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने उजेडात बघून करावं.