नाखवाच्या दोन फळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवताना वाऱ्याचा झोत आला की मांजा बोटात रुततो आणि पतंग आपल्यालाच ओढू बघतो. आता तो पतंग दहा चौरस मीटरचा समजा, म्हणजे चाळीतल्या खोलीएवढा. त्याचे दोर आपल्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेले, पायाखाली एक फळी आणि फळीखाली समुद्र. याला म्हणतात काइटसर्फिंग. मांडव्याच्या किनाऱ्यावर दुपारी हे रंगीत पतंग दिसले की अनेकजण मला विचारतात, आम्हालाही शिकायचंय, बोर्ड कुठला घ्यायचा?

मुख्य गोष्ट आधीच सांगते, म्हणजे कुकरची शिट्टी झाली म्हणून उठावं लागलं तरी ती निसटायला नको. पहिला बोर्ड लांब घ्या, रुंद घ्या, सपाट घ्या आणि थोडा लवचीक घ्या. लांब, रुंद, सपाट, लवचीक.

बोर्डाचे प्रकार बरेच आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच आला. मार्सेच्या समुद्रात शर्यती झाल्या आणि टीव्हीवर पाण्याच्या वर हवेत तरंगणारे बोर्ड आपण पाहिले. त्यांच्या खाली लांब दांडा आणि पाण्यात बुडालेले पंख असतात, त्याला फॉइल म्हणतात. ते नवख्यासाठी नाही. नवख्याने घ्यायचा तो ट्विन टिप. त्याची दोन्ही टोकं सारखी असतात. डावीकडे जा, उजवीकडे जा, पाय काढून फिरवावे लागत नाहीत. एवढं पुरे.

आता हे लांब-रुंद मला कसं कळलं, ते सांगते.

मी परळची. चाळिशी उलटल्यावर हा खेळ शिकायला लागले. दर शनिवारी सकाळी गेटवेवरून बोट धरायची, मांडव्याला उतरायचं आणि वाऱ्याची वाट बघायची. शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? दुपारी जमीन तापते, समुद्रावरून वारा आत येतो, तो खारा वारा. आपल्या खेळाचा वारा तो. मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. त्यात नवख्याने पाऊलही टाकू नये, तो थेट आत घेऊन जातो. पुन्हा सांगते, किनाऱ्यावरून समुद्राकडे वारा असेल तर पाण्यात उतरायचं नाही.

शिकवणी चालू होती तोवर मी शिकवणाऱ्यांचा मोठा, जुना, ओरखडे पडलेला बोर्ड वापरायचे. शिकवणी संपली आणि वाटलं, स्वतःचा हवा. ओळखीचे एकजण मुंबई सोडून चालले होते. त्यांच्याकडे नारिंगी रंगाचा सुंदर बोर्ड होता, १२९ सेंटिमीटर लांब आणि ३८ रुंद. कडक, चकचकीत. ते म्हणाले, मोठा घेशील तर वर्षभरात विकावा लागेल, हाच घे, यावरच शीक. मला पटलं. फेब्रुवारी संपत आला होता आणि उत्साह तर इतका की तो बोर्ड मी रात्री पलंगाला टेकवून ठेवला होता.

पुढचे चार शनिवार मी पाण्यात बसून काढले. बोर्ड पायात अडकवायचा, पतंग डोक्यावर बाराच्या काट्यावर ठेवायचा, मग दोनच्या काट्याकडे झपकन खाली आणायचा. त्या ओढीने उठायचं. मी उठायचे, तीन-चार हात पुढे जायचे आणि गुडघ्यापर्यंत परत खाली. पुन्हा पतंग वर, पुन्हा खाली. वारा वाहून नेईल तिकडे जायचं आणि मग वाळूतून पतंग उचलून अर्धा किलोमीटर चालत परत यायचं. चौथ्या शनिवारी दंड इतके भरून आले की बोटीत पिशवी उचलेना.

किनाऱ्यावर एक नाखवा जाळं शिवत बसलेला असायचा. साठीच्या पुढचा. बोलायचा नाही, बघत असायचा. त्या दिवशी मी त्याच्या होडीशेजारी बोर्ड टाकून बसले, तेव्हा त्याने सुई थांबवली. बोर्ड उचलला, पालथा केला, पंज्याने त्याची रुंदी मोजली आणि म्हणाला, "बाय, तुजी फली बारीक हाय. ती तुला उचलनार नाय."

मी म्हटलं, नाखवा, लहान बोर्ड चपळ असतो म्हणतात.

"उद्या भरतीला ये. दाखवतू."

त्या रात्री मी मांडव्यालाच राहिले. सकाळी भरती चढलेली, पाणी शांत. नाखवाने छोटी इंजिनाची होडी पाण्यात लोटली. होडीत दोन फळ्या होत्या. एक माशांच्या खणावर घालायची, चांगली हातभर रुंद. दुसरी तेवढीच लांब, पण वीतभर रुंदीची. दोन्हींवर त्याने पाण्याचा पाच-पाच लिटरचा एकेक कॅन सुतळीने करकचून बांधला. दोन्हींना सारख्या लांबीचा दोर लावला आणि होडीच्या मागे सोडल्या.

इंजिन हळू होतं तोवर दोन्ही फळ्या पाण्यात अर्ध्या बुडून नांगरासारख्या चालत होत्या. मग त्याने वेग थोडा वाढवला. रुंद फळीचं तोंड वर आलं, आणि दुसऱ्या क्षणी सगळी फळी पाण्यावर आली आणि सरसर घसरायला लागली. तिच्यामागचा फेस नाहीसा झाला. बारीक फळी अजून नाक खुपसून पाणी उडवत होती. त्याच वेगात, त्याच वजनाखाली. मी बघत राहिले.

मला वाटलं, झालं दाखवून. पण त्याने इंजिन अजून वाढवलं, चांगलंच वाढवलं. आता बारीक फळीसुद्धा उचलली गेली.

"बग, ती पन उचलते," नाखवा इंजिनाच्या आवाजावर ओरडला. "पन तिला लय जोर लागतो. तुज्याकडं तवडा जोर हाय काय?"

नव्हता. नवख्याकडे तो नसतोच, आणि नसलेलाच बरा, कारण जोर म्हणजे मोठा पतंग किंवा सुसाट वारा. दोन्ही नवख्याला अंगावर घेणारे. बोर्ड लहान घेतला की उठण्यासाठी पतंगाकडून जास्त ओढ मागावी लागते, आणि त्या जास्त ओढीतच अपघात होतात. रुंद बोर्ड कमी वेगाला पाण्यावर येतो. कमी वेगाला. म्हणून पहिला बोर्ड मोठा.

त्याच दुपारी मी १४२ लांब आणि ४२ रुंदीचा बोर्ड भाड्याने घेतला. वारा साधारण १४ नॉट होता, म्हणजे ताशी पंचवीस-सव्वीस किलोमीटर. पतंग खाली आणला, उठले, आणि उठलेलीच राहिले. जेटी मागे गेली, किनाऱ्यावरची सुरूची झाडं मागे गेली, पायाखाली पाणी नुसतं खडखडत होतं. वळले आणि जिथून निघाले होते त्याच जागी परत आले. चालत यावं लागलं नाही. नाखवाने जाळ्यातून मान वर केली, एक हात वर केला आणि पुन्हा सुई चालवायला लागला.

आता आकडे. वजन ५५ ते ६० किलो असेल तर १३५ च्या आसपास लांबी आणि ४० रुंदी. ७५ किलोच्या आसपास असाल तर १४० ते १४२, रुंदी ४२. ८५ च्या वर असाल तर १४५ च्या पुढे. उंचीचा विचार नंतर, आधी वजन. सपाट म्हणजे कसा? बोर्ड जमिनीवर ठेवा आणि टोकं किती उचललेली आहेत ते बघा. पोळपाट सपाट असतो आणि तवा मध्ये खोलगट, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्याला पोळपाटाच्या जवळचा हवा. तो वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं वर चढायला मदत करतो. लवचीक अशासाठी की छोट्या लाटांचे दणके गुडघ्यांपर्यंत पोचत नाहीत. खाली माशाला असतात तसे चार पर असतात, ते पाच सेंटिमीटरच्या आसपासचे असू द्या, बोर्ड बाजूला घसरत नाही. पायपट्टे सैल करता येणारे हवेत, पडल्यावर पाय सहज सुटला पाहिजे.

आणि एक गोष्ट दोनदा सांगते. बोर्ड दोरीने स्वतःला बांधू नका. पतंग तुम्हाला ओढतो, दोरी ताणली जाते आणि बोर्ड गोफणीसारखा डोक्यावर येतो. बोर्ड सुटला तर पतंगाच्या ओढीने पोटावर घसरत त्याच्यापर्यंत जायचं असतं, हे बोर्डावर उभं राहण्याआधी शिकवतात. बोर्ड स्वतःला बांधायचा नाही. हेल्मेट मात्र घालायचंच.

इथे मला एक बोलायचं आहे, विषय थोडा बाजूला जाईल. मुंबईच्या तीन बाजूंना पाणी आहे आणि आपल्या कितीतरी मुलांना पोहता येत नाही. चौपाटीवर घोटाभर पाण्यात उभं राहून फोटो काढतात, लाट आली की किंचाळतात. पाढे पाठ करून घेतो तसं या शहरातल्या प्रत्येक शाळेने पोहणं शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. आणि नायलॉनचा मांजा कुणी विकताना दिसला तर तिथल्या तिथे हटका. २०१७ पासून त्यावर बंदी आहे. पक्ष्यांचे पंख कापतात आणि दुचाकीवाल्यांचे गळेही.

असो. जुना बोर्ड घेणार असाल, आणि पहिला जुनाच घ्यावा, तर माठ घेताना मारतो तशी टिचकी सगळीकडे मारत जा. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आतलं लाकूड आणि वरचा थर सुटलेला आहे, तिथून पाणी शिरतं. टाचा टेकतात तिथे खड्डे पडलेत का, कडा चिरल्यात का, पायपट्ट्यांचे स्क्रू गच्च बसतात का, हे बघा. घरी आणल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवा आणि उन्हात ठेवू नका.

तो नारिंगी बोर्ड मी विकला नाही. दोन वर्षं पलंगाखाली होता. गेल्या मे महिन्यात एका दुपारी वारा २५ नॉटवर गेला, मोठा बोर्ड पायाखाली ठरेना, तेव्हा तो बाहेर काढला. पतंग खाली आणला आणि त्याने मला उचललं. किनाऱ्याकडे बघून हात वर केला, पण नाखवा त्या दिवशी खोल समुद्रात गेला होता.

नमस्कार.