मातीच्या पाट्या आणि ॲलिस कोबर

श्रोतेहो, नमस्कार.

भूमध्य सागरातील क्रीट बेटावर आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली क्नोसोस येथील राजवाड्याचे उत्खनन सुरू केले, तेव्हा अक्षरे कोरलेल्या मातीच्या पाट्यांचा मोठा साठा त्यांच्या हाती लागला. पाट्या मुळात कच्च्या होत्या. ज्या आगीत राजवाडा जळाला, त्याच आगीत त्या भाजून निघाल्या आणि म्हणून टिकल्या. त्यांवरील लिपीला इव्हान्स यांनी ‘लिनिअर बी’ असे नाव दिले, परंतु १९४१ साली ते निवर्तले तेव्हाही ती कोणाला वाचता येत नव्हती.

लिपी अज्ञात, भाषाही अज्ञात, आणि जोडीला कोणताही द्वैभाषिक लेख नाही, अशा स्थितीत अनेकांनी आधी भाषेचे नाव ठरवले आणि मग चिन्हांना त्या भाषेतील उच्चार चिकटवले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या ॲलिस कोबर यांनी ही वाट ठामपणे नाकारली. कोणते चिन्ह शब्दाच्या आरंभी येते, कोणते अंती, कोणते कोणाच्या शेजारी, एवढेच त्या नोंदवत राहिल्या. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा हाती येईल त्या कागदाचे तुकडे कापून त्यांनी सुमारे १,८०,००० नोंदपत्रे तयार केली आणि ती सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवली.

त्यातून त्यांना दिसले की काही शब्दांचा आरंभ तोच राहतो आणि शेवट मात्र ठरावीक रीतीने बदलतो. म्हणजे या भाषेत शब्दांना प्रत्यय लागतात. येथे एक अडचण होती. आपल्या ‘ती’ आणि ‘तो’ या अक्षरांत ‘त’ डोळ्यांना दिसतो; लिनिअर बीमध्ये या दोन अक्षरांच्या चिन्हांत काहीही साम्य नाही. तरीही शब्दांची बदलती रूपे शेजारी मांडून, एकाही चिन्हाचा उच्चार ठाऊक नसताना, कोणत्या चिन्हांत व्यंजन समान आहे आणि कोणत्यांत स्वर, हे कोबर यांनी दाखवून दिले. माझ्या मते या संशोधनातील खरी उडी हीच होती.

१९५० साली, पन्नाशीही न गाठता, त्यांचे निधन झाले. त्यांची पद्धत मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुविशारदाने पुढे नेली. ग्रीस देशातील पायलोस येथील पाट्या १९५१ मध्ये प्रसिद्ध झाल्यामुळे सामग्री वाढली होती. काही शब्द केवळ क्नोसोसच्याच पाट्यांवर आढळतात, तेव्हा ती क्रीटमधील गावांची नावे असावीत, असे व्हेंट्रिस यांनी धरले आणि अम्निसोस, क्नोसोस ही नावे चपखल बसली. स्वतः व्हेंट्रिस यांना एट्रुस्कन या इटलीतील प्राचीन भाषेची अपेक्षा होती. बाहेर आली ती ग्रीक! १ जुलै १९५२ रोजी त्यांनी हे प्रथम जाहीर केले, तेही बीबीसीच्या रेडिओवरून.

पुढच्याच वर्षी पायलोसच्या एका पाटीने पुरावा दिला. तिच्यावर तिवईसारख्या पायांच्या भांड्यांची चित्रे होती आणि शेजारचे शब्द नव्या उच्चारांनी वाचताच ‘ति-रि-पो’, म्हणजे तीन पायांचे भांडे, असे निघाले. तीन कानांच्या, चार कानांच्या आणि बिनकानांच्या भांड्यांपुढेही तसेच नेमके शब्द होते.

याच बेटावरील ‘लिनिअर ए’ ही अधिक जुनी लिपी मात्र अद्याप उलगडलेली नाही. तिची अनेक चिन्हे लिनिअर बीसारखी असल्याने शब्दांचे उच्चार अंदाजाने करता येतात, पण अर्थ लागत नाही. आणि तिचे लेख इतके थोडे व त्रोटक आहेत, की कोबर यांच्या पद्धतीला लागणारी शब्दरूपांची पुनरावृत्ती त्यांत पुरेशी सापडत नाही.