बेडकाची उडी आणि पोटरीतली कंडरा

मित्रहो, आज दादरच्या या सभागृहात प्राणिशास्त्राचे जुने विद्यार्थी बरेच दिसताहेत. प्रयोगासाठी घेतलेली बेडकाची पोटरी, स्नायूची हालचाल टिपणारा काजळी धरलेला फिरता ढोल, सगळं आठवत असेल. विजेचा झटका दिला की स्नायू आखडायचा आणि काजळीवर रेघ वर उठायची. वजनं वाढवत नेली की ती कमी कमी उठायची. का, हे त्या वेळी आपल्याला फारसं कुणी सांगितलं नाही.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1938 साली बेडकाच्याच स्नायूवर ते मोजून मांडलं. स्नायू जितक्या वेगाने आखडेल, तितकं त्याचं बल घटतं. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. त्यामुळे ओझं फार झालं तर वेग उरत नाही, वेग पूर्ण असेल तर बल उरत नाही. कमाल वेगाच्या साधारण एक तृतीयांशावर शक्ती सर्वाधिक मिळते. लुट्झ आणि रोम या संशोधकांनी 1994 मध्ये दाखवलं, की लेपर्ड फ्रॉग या बेडकाच्या मांडीतला एक स्नायू उडी मारताना जवळपास याच वेगाने आखडतो. इतकी चपखल जुळणी पाहून मी आजही थक्क होतो.

तरीही उडीला लागणाऱ्या शक्तीचा हिशेब जुळत नाही. 30 ग्रॅमचा बेडूक घ्या, उडी 1 मीटरची, 45 अंशांत. जमीन सोडताना वेग हवा सेकंदाला सुमारे 3.1 मीटर. पाय सरळ होईपर्यंत शरीर 10 सेंटिमीटर पुढे सरकतं असं धरलं, तर हाताशी वेळ फक्त 64 मिलिसेकंद! पायांचे स्नायू 6 ग्रॅम धरले, तर दर किलो स्नायूमागे सरासरी 380 वॉट लागतात आणि अखेरच्या क्षणी त्याच्या दुप्पट. शरीरातून सुट्या काढलेल्या स्नायूकडून एवढी शक्ती मिळत नाही. क्यूबन वृक्षबेडकाच्या उड्यांत तर ही तफावत आणखी मोठी निघाली.

मग उरलेली शक्ती कुठून येते? गलोलीतून. रबर सावकाश ताणायचं, सोडताना ते झटक्यात सुटतं. ऊर्जा तेवढीच, वेळ थोडा, म्हणून शक्ती जास्त. बेडकात ते रबर म्हणजे पोटरीच्या स्नायूची कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर. अ‍ॅस्टली आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी हाडांत आणि स्नायूत धातूचे बारीक मणी बसवून उडीचं क्ष-किरण चित्रण केलं. 2012 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं, की घोटा हलण्याआधीच पोटरीचा स्नायू बराच आखडून घेतो. घोटा मिटलेला, स्नायू आखडतोय, तर ताण जाणार कुठे? कंडरा ताणली जाते. दबून बसलेल्या बेडकाच्या पायात घोट्याची तरफ सुरुवातीला प्रतिकूल असते, शिवाय अंगाचं जडत्व असतंच. त्यामुळे ताण रोखून धरायला वेगळ्या खिट्टीची गरज पडत नाही. पाय उलगडू लागला की तरफ अनुकूल होते आणि कंडरा साठवलेली ऊर्जा मोकळी करते.

इथल्या विद्यार्थ्यांना एक सुचवतो. पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा आपल्या सोसायटीच्या तळ्याकाठी मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचं चित्रण करा. जमीन सोडेपर्यंतचे 64 मिलिसेकंद पंधराएक फ्रेममध्ये मावतात. खुबा, गुडघा, घोटा यांत कोण कधी उघडतं, ते फ्रेमगणिक मांडा. बेडकाला हात लावू नका, डोळ्यांवर टॉर्चही मारू नका.