पंप गेला म्हणण्याआधी

डिसेंबरची सकाळ, सहा वाजलेत, फडाच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी आहे आणि ट्रॅक्टर काही चालू राहत नाहीये. सेल मारला की उठतो, दहा मिनिटं कसाबसा चालतो, पांढरा धूर ओकतो आणि मग आवाज बसत बसत बंद. अर्धा तास थांबलं की परत चालू, परत बंद. कालपासून हेच चाललंय.

इंजिन तीन सिलिंडरचं, ३५ एचपीचं, पंचवीस वर्षं जुनं. यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, वायर जोडून फॉल्ट कोड वाचायची सोय नाही, जे काय आहे ते कानाने, नाकाने आणि हाताने शोधायचं. मालकाला कुणीतरी कालच सांगून ठेवलंय की पंप गेला, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल देणारा इंजेक्शन पंप. पंप गेला म्हणजे तो खोलायचा, तालुक्याला न्यायचा, टेस्टिंग बेंचवर लावायचा, नवीन एलिमेंट (आतले दाब देणारे भाग) टाकायचे, चार दिवस ट्रॅक्टर उभा आणि हजारांत बिल, तेही ऐन गळीत हंगामात.

मिस्त्री आले. त्यांनी पंपाला हात लावला नाही, पहिल्यांदा डिझेल टाकीचं झाकण फिरवलं. हा आवाज ऐका.

सूऽऽऽ.

टाकीने हवा आत ओढली. झाकणाला एक बारीक भोक असतं, जेवढं डिझेल जाईल तेवढी हवा त्यातून आत यायला पाहिजे, ते भोक मातीने बुजलंय. मग टाकीत व्हॅक्यूम होतो, फिडपंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) ओढ ओढ ओढतो पण डिझेल येत नाही. आता तुम्ही म्हणाल दहा मिनिटांनीच का बंद पडायचा, तर व्हॅक्यूम तयार व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि अर्धा तास उभा राहिला की हळूहळू हवा शिरून परत सगळं जागेवर. तारेने भोक मोकळं केलं, झाकण डिझेलने धुतलं. खर्च शून्य.

पण इथेच संपलं नाही, कारण फिडपंपाने एवढा जोर लावला की त्याला डिझेल नाही मिळालं तर तो हवा शोधतो. टाकीकडून फिडपंपाकडे येणाऱ्या पाईपला बेंजो बोल्ट आहे, म्हणजे ज्याच्या आतून डिझेल जातं असा पोकळ बोल्ट, त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर. ते दर वेळी तेच तेच परत बसवलेले, दबून दबून कडक झालेले. तिथून हवा आत शिरते आणि बाहेर डिझेलचा एक थेंबही दिसत नाही. मला वाटतं सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ओढणाऱ्या बाजूची गळती ओली दिसेलच असं नाही, ती आत ओढते, त्यामुळे कोरडा जॉइंट बघून आपण पुढे जातो आणि दोष पंपावर टाकतो. नवीन वायसर असतील तर उत्तमच. नसतील तर मिस्त्री जुना वायसर चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवतात आणि पाण्यात टाकतात, तांबं परत मऊ होतं.

मग आत शिरलेली एअर काढायची. क्रम ठरलेला आहे, डिझेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने. आधी फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल, फिडपंपाची मूठ हाताने मारत राहायची, फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, स्क्रू आवळला. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. मग नोझलकडच्या (नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) पाईपचे नट अर्धा-एक फेरा सैल, थ्रॉटल पूर्ण, सेल मारायचा, तिथे डिझेल उचक्या देत यायला लागलं की आवळायचं. घाई करून मधली पायरी सोडली की बॅटरी बसते आणि एअर आतच राहते.

इथे थांबून एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण हे करताना माणसं जखमी होतात. नट सैल असताना हात लांब ठेवा, आणि लीक शोधायला बोट तर कधीच फिरवू नका, पुठ्ठा धरा. या पाईपमध्ये दाब एवढा असतो की बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. वरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल पसरत असतं. असं झालं तर हळद लावून बसू नका, उद्या बघू म्हणू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की प्रेशरने डिझेल आत गेलंय. उशीर झाला तर बोट कापायची वेळ येते.

इंजिन चालू झालं. आता बंद पडत नाही, पण मिस मारतंय, आणि धूर अजून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा. हा वास कच्च्या डिझेलचा आहे, म्हणजे डिझेल आत जातंय पण जळत नाहीये. काळा धूर असता तर आधी एअर फिल्टर बघितला असता, निळा असता तर ऑइल जळतंय.

मिस्त्री पाना घेऊन एकेका सिलिंडरचा नट जरासा सैल करतात. पहिला सैल केला, इंजिन लगेच अडखळलं, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. आवळला. तिसरा, तसंच. मधला सैल केला... काहीच फरक नाही. म्हणजे मधला आधीपासूनच मेलेला आहे.

नोझल बाहेर. टोकावर काजळी, आणि टोक ओलं. ही वस्तू आता जवळून बघा. टोकाला भोकं आहेत, एकेक पाव मिलिमीटरच्या आसपासचं. इंजिन २००० आरपीएमला फिरतं तेव्हा ही नोझल मिनिटाला १००० वेळा उघडते आणि बंद होते, आणि फुल लोडला एका वेळी जे डिझेल सोडते ते साधारण ४० घन मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. त्या एका थेंबाचं धुकं व्हायला पाहिजे, तरच तो पेटतो. थेंब म्हणून पडला तर पांढरा धूर.

टेस्टरवर लावली. चांगली नोझल २०० बारच्या आसपास कर्रर्र कर्रर्र आवाज करत धुकं सोडते आणि झटकन बंद होते, टोक कोरडं. ही नोझल आवाजच करत नाही, पिचकारीसारखी धार पडते आणि दाब येण्याआधीच टोकाला थेंब लोंबतो. आतली उघड-बंद करणारी सुई झिजलीये. कुणी सँडपेपरने टोक घासून बघतात, तसं करू नका, भोकं वाकडी होतात.

गावाकडे मिस्त्री अजूनही मायकोची नोझल म्हणतात. रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या इंजिनात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर, म्हणून ते इंजिन अवजडच राहिलं. १९२७ मध्ये बॉशने इंजेक्शन पंपांचं मोठं उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन ट्रक-ट्रॅक्टरात बसण्याएवढं सुटसुटीत झालं. आपल्याकडे १९५१ ला बेंगळुरूत बॉशची मायको (मोटर इंडस्ट्रीज कंपनी) आली, पुढे आपल्या नाशिकच्या सातपूरला नोझल बनायला लागल्या. २००८ ला कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण गॅरेजमधलं नाव काही बदललं नाही.

नवीन नोझल बसली, होल्डरमध्ये शिम (पातळ चकती) टाकून नोझल उघडायचं प्रेशर लावलं, खाली नवीन तांब्याचा वायसर, आणि बसवायची जागा साफ करून घेतली कारण तिथे जुना वायसर चिकटून राहिला तर नोझल उंच बसते. पुसायला कॉटन वेस्ट नाही, धुतलेलं सुती कापड, वेस्टचा एक धागासुद्धा आत गेला तर सगळं परत.

मग पंपाचा दोष कधीच नसतो का? असतो. थंड इंजिन पटकन उठतं पण गरम झाल्यावर बंद केलं की सेल मारून मारून उठत नाही, तेव्हा एलिमेंटवर संशय घ्या. एलिमेंट म्हणजे प्लंजर (वर-खाली होणारा दांडा) आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल, दोघांमध्ये दोन-तीन मायक्रॉनचं अंतर असतं, आपला केस सत्तर-एक मायक्रॉनचा, म्हणजे विचार करा. ते झिजलं की गरम, पातळ झालेलं डिझेल तिथून निसटतं आणि सेलच्या स्पीडला दाबच येत नाही. ऑइलची लेव्हल आपोआप वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तरी पंप किंवा फिडपंपाकडे बघावं लागतं. पण तेव्हा तो बेंचवरच खोलायचा, बांधावर नाही. पाण्याचा एक घोट आणि बारीक रेती, एवढं त्याला मारायला पुरतं. म्हणून फिल्टरखालची काचेची वाटी रोज बघायची, आणि ड्रममधलं डिझेल लगेच न ओतता रात्रभर बसू द्यायचं, तळाचं चार बोटं तसंच ठेवायचं.

साडेनऊला ट्रॉली जोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्ही परत गेलो, तेव्हा मालक टॉर्च लावून काचेची वाटी बघत होते, तळाला मुगाएवढा पाण्याचा थेंब. त्यांनी तो काढला, वाटी पुसून बसवली, एअर काढली आणि सेल मारला. पांढऱ्या धुराचा एक झोत निघाला, आणि पाचव्या सेकंदाला धुराची नळी साफ.