मासा फ्लायवर का येतो?

फ्लाय म्हणजे हुकावर पिसं बांधून केलेला नकली किडा, ड्रॅग म्हणजे धारेने दोर ओढून फ्लायला घसरवणं, याहून जास्त मी सांगत बसत नाही, इथे बसलेल्या सगळ्यांना ते माहितीये. मला एकच गोष्ट सांगायचीये, मासा आपली फ्लाय कशी दिसते त्याला भुलत नाही, ती कशी वाहते त्याला भुलतो.

तीर्थन नदीवरची गोष्ट सांगतो. हिमाचलात, गुशैणी गावाच्या वर, एप्रिल महिना, बर्फ वितळून आलेलं पाणी. मी एका दुकानातनं डझनभर फ्लाय घेतल्या होत्या, चांगल्या महाग, पंखांवर बारीक रेषा, डोळेसुद्धा रंगवलेले, आणि दुकानदार शपथेवर सांगत होता की हुबेहूब मेफ्लाय, पाण्यावरचा तो पंखवाला किडा, आहे साहेब. समोर दगडामागे एक ब्राऊन ट्राउट मासा सतत वर येऊन किडे टिपत होता. दोन तास मी त्याच्यावर घालवले. माझी फ्लाय आली की तो वर यायचा, अगदी नाकाशी आणून बघायचा आणि परत खाली. सोबतच्या गाववाल्या काकांनी शेवटी माझा बॉक्स मागितला, त्यातली अ‍ॅडम्स नावाची एक जुनी फ्लाय काढली, तिची निम्मी पिसं झडलेली, आणि म्हणाले, "साब, दो कदम अंदर आओ." गुडघाभर थंडगार पाण्यात गेलो, पहिल्याच कास्टला, म्हणजे पहिल्यांदा दोर टाकताच, घेतली त्याने!

मी कित्येक वर्षं ही गोष्ट तुटक्या फ्लायची म्हणून सांगायचो. पण खरं काम त्या दोन पावलांनी केलं. काठावरून टाकताना मध्ये पाण्याची एक जोरदार धार होती, ती दोर ओढायची आणि फ्लाय पाण्यावर रेघ मारत घसरायची, असा किडा माशाने जन्मात बघितलेला नसतो. आत गेल्यावर दोर त्या धारेवर पडलाच नाही. माझा राग त्या दुकानदारीवर आहे, फ्लाय माणसाच्या डोळ्याला आवडेल अशी बांधतात आणि नवीन पोरं पैसे घालवून बसतात, कास्ट मात्र कोणी शिकवत नाही.

आणि बघा, ही ट्राउट मुळात इथली नाहीच, इंग्रजांनी आणली, १९०० च्या सुमारास काश्मीरात आणि मग कुल्लूकडे. अ‍ॅडम्स बांधली गेली अमेरिकेत मिशिगनला, १९२२ साली, तीही कुठल्या एका किड्याची नक्कल म्हणून नाही. मासा युरोपातला, फ्लाय अमेरिकेतली, किडे हिमालयातले, तरी जमतं!

वेळ संपत आलाय अशी खूण करताहेत, तर मुख्य मुद्दा पटकन घेतो.

फूटभर खोल असलेल्या माशाला वरचं जग साधारण सव्वादोन फुटांच्या गोल खिडकीतूनच दिसतं, बाकीचा पृष्ठभाग त्याच्यासाठी आरसा. फ्लाय खिडकीत यायच्या आधी त्याला आरशावर फक्त पिसांच्या टोकांनी पडलेले खळगे चमकताना दिसतात. तिथेच तो निघायचं ठरवतो. रंगवलेले डोळे अजून कुठे आलेत? शिवाय वाहत्या पाण्यात एखाद-दोन सेकंदांत ठरवायचं असतं, हात नाहीत, म्हणून तोंडात घेऊनच तपासतो आणि पटलं नाही की लगेच थुंकतो.

प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ टिनबर्गेन यांनी स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशावर केलेले प्रयोग तुम्ही ऐकले असतील. प्रतिस्पर्धी नर म्हणून हुबेहूब पण लाल पोट नसलेला नमुना दाखवला तर नर फारसा अंगावर जात नाही, ओबडधोबड तुकडा खालून लाल रंगवला तर तुटून पडतो. म्हणजे एखाद-दुसरी खूण पुरते. ट्राउटसाठी माझ्या मते त्या खुणा तीन: आकारमान, पाण्यावर बसण्याची पद्धत आणि पाण्याच्याच वेगाने वाहणं.

राहिला सामन. अटलांटिक सामन मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरल्यावर खाणं सोडतो तरी फ्लायवर झडप घालतो. तिथे भूक हे उत्तर चालतच नाही, राग असेल, लहानपणीची सवय असेल, यावर एक अख्खी संध्याकाळ लागेल.

प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. ती अ‍ॅडम्स बॉक्समध्ये आणलीये, हुकाचा काटा चेपलेला आहे, हातात घेऊन बघा.