कळसूबाईपेक्षा उंच, बसल्या जागी

(दृश्य: द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा उतार. गाडीत झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली.)

घाट उतरताना कानाला दडे बसतात, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. ही बाटली लोणावळ्यात रिकामी केली आणि झाकण घट्ट लावलं. आता खोपोली आलं. बघा, बाटलीची एक बाजू आत गेली आहे. वर बंद केलेली विरळ हवा आत तशीच राहिली आणि खाली उतरताना बाहेरचा दाब वाढत गेला. उतार जेमतेम पाचशे मीटरचा, तरी प्लास्टिक दबलं.

विमानात हेच घडतं, पण कितीतरी जास्त. विमान ३५,००० फुटांवर असतं तेव्हा केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांवर असावा तितकाच ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. अमेरिकेला मुलाकडे निघालेले आई-बाबा पंधरा-सोळा तास कळसूबाईच्याही वर बसून असतात, आणि हवेतला ओलावा बहुतेक वेळा २० टक्क्यांपेक्षा कमी. डोकं जड होणं, घसा कोरडा पडणं यामागे वय असेलही, पण ही हवासुद्धा असते.

म्हणून पहिली सूचना तिकीट काढतानाची. भाडं पाहतो तसं विमान कोणतं आहे तेही पाहा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांचा सांगाडा मुख्यतः कार्बन तंतूंच्या मिश्र साहित्याचा आहे. तो जास्त दाब पेलतो, त्यामुळे आतली हवा ६,००० फुटांच्या आसपास ठेवता येते. दर सारखाच असेल तर ही विमानं निवडावीत. लांबच्या प्रवासात हा फरक अंगाला जाणवतो.

(दृश्य: आकाशात, समोरच्या ट्रेवर चिवड्याचं टम्म फुगलेलं पाकीट.)

हे पाकीट पुण्यात घेतलं तेव्हा असं नव्हतं. वर गेल्यावर आतली हवा प्रसरण पावली. आपल्या पोटातला वायूही तसाच, साधारण पाव पटीने वाढतो. आदल्या रात्रीची मिसळ, छोले, वाटाण्याची उसळ विमानात त्रास देते ती यामुळे. निघायच्या दिवशी मुगाची खिचडी किंवा दहीभात खावा, आणि विमानात सोडा किंवा फसफसणारी पेयं घेऊ नयेत. तिथलं जेवण अळणी लागतं, त्यात सगळा दोष स्वयंपाक्याचा नसतो. कोरड्या हवेत नाक सुकतं, आणि खारट-गोड चवही मंदावते.

सोबत लिंबाचं लोणचं न्यायचं असेल तर ते चेक-इनच्या बॅगेत, नीट सील करून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवा. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. पॉवर बँकेचं उलट: ती कायम हातातल्या बॅगेत. रोजची औषधं, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठीही जवळच हवी. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं.

आता कान. चढताना फारसा त्रास होत नाही, उतरताना होतो. कानाच्या पडद्यामागून घशाकडे जाणारी बारीक नळी आतली हवा सहज बाहेर सोडते, पण बाहेरची आत घ्यायला कुरकुरते. गिळलं, जांभई दिली की ती उघडते. म्हणून विमान खाली येऊ लागलं की झोपायचं नाही. शेजारच्याला आधीच सांगून ठेवा, ‘उतरायला लागलं की उठवा.’ गोळी चघळा. तान्ह्या बाळाला दूध त्याच वेळी पाजा. दडा सुटत नसेल तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा ढकला. जोर करायचा नाही. नाक सर्दीने गच्च असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

(दृश्य: पहाटेचं वाकड, टॅक्सीत सामान चढतं आहे.)

पायांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पुण्याहून मुंबईमार्गे जाणाऱ्याचं बसणं विमानात सुरू होत नाही. ते इथे, टॅक्सीत सुरू होतं. मुंबईपर्यंत तीन-चार तास, मग विमानतळावरची खुर्ची, आणि त्यानंतर विमान. चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायाच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. फूड मॉलला गाडी थांबली की चहा उभ्यानेच घ्या. विमानतळावर फेऱ्या मारा. विमानात टाचा जमिनीवर टेकवून पंजे वर, मग पंजे टेकवून टाचा वर, असं दर तासाला करत राहा. पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं, सगळी मेहनत त्यांचीच. चपला-बूट सैल असू द्या. पूर्वी गुठळी झाली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर दाब देणाऱ्या मोज्यांबद्दल डॉक्टरांनाच विचारा.

वारंवार उठावं लागणाऱ्याने मधल्या वाटेकडची जागा घ्यावी, झोपायचं असेल त्याने खिडकीकडची. हादऱ्यांची भीती वाटते त्यांनी पंखांजवळ बसावं, शेपटीकडे विमान जास्त हलतं. पट्टा मात्र बसल्यावर कायम लावलेला असावा. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान अचानक जोरात हादरलं, अनेक प्रवासी जखमी झाले आणि एकाचा मृत्यू झाला. दिवा विझला की पट्टा काढायचा, ही सवय सोडाच. पांघरूण घेतलंत तर पट्टा त्याच्यावरून लावा, म्हणजे तपासायला कर्मचारी झोपेतून उठवणार नाहीत.

शेवटचं, आई-बाबांसाठी. व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. चालता येतं, पण लांबच लांब रांगेत उभं राहवत नाही, हे कारण पुरेसं आहे. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा, तिकिटावर नोंद झाली का ते विचारा, आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर तिथलीही नोंद पक्की करून घ्या. खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंत सोबत असतो. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा, मोबाइलची बॅटरी संपली तरी तो कागद दाखवता येईल.